आई, त्या दिवशी फोन मी कापला होता

टारनीट, मेलबर्न
12 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतो, मग हिने पत्र का लिहिलं म्हणून दचकू नका. सगळे ठणठणीत आहोत. पण फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही, आणि माझं बोलणं आई त्यांच्या कानात ओरडून सांगते तोवर त्यातलं अर्धं तिचं झालेलं असतं. हे मला माझ्याच शब्दांत पोचवायचं आहे.

आई, 31 ऑगस्टला सकाळी तुझा फोन मी कापला. रेंज नव्हती म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

गौरी यायच्या होत्या आणि मला रविवारची ड्यूटी बदलून मिळाली नव्हती. निघण्यापूर्वी मुखवटे पुसून ठेवले, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढली, लेकीला शिकवून ठेवलं की मी विचारायचं ते आज बाबा विचारेल, ‘गौरी कशाच्या पावलांनी आली?’ आणि तू म्हणायचं, ‘सोन्याच्या.’ मेथी निवडून ठेवली. मग गाडी पकडली.

डीअर पार्कला चार-पाच जण चढले, अंगाला झेंडे गुंडाळलेले. त्या दिवशी सगळ्या मोठ्या शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे होते, हे तुम्ही बातम्यांत नंतर पाहिलंत. मला आधीपासून माहीत होतं. मोर्च्याचं पत्रक आमच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होतं आणि त्यात नाव घेऊन आपल्यालाच धरलं होतं. शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले, त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले, असं. मी मंगळसूत्र कॉलरच्या आत सरकवलं. तेवढ्यात फोन थरथरला आणि पडद्यावर देवनागरीत ‘आई’ उमटलं. उचलला असता तर मराठीत बोलावं लागलं असतं. मी फोन कापला आणि मांडीवर पालथा ठेवला.

2009 साली विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा बाबा रोज रात्री फोन करायचे आणि आम्हाला जो तो सल्ला द्यायचा, गाडीत मोठ्याने आपल्या भाषेत बोलू नका. मी तेव्हा तावातावाने म्हणाले होते, का नाही बोलायचं? सोळा वर्षांनी, पासपोर्ट, घर, कर्ज सगळं इथलं झाल्यावर, मला कोणी सांगावंही लागलं नाही.

खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. त्यांच्यातला एक मुलगा समोर बसला होता. एकोणीस-वीसचा असेल, हनुवटीवर मुरमं, हातात गुंडाळलेला फलक. फूटस्क्रेला एक म्हाताऱ्या बाई चढल्या, चिनी असाव्यात किंवा व्हिएतनामी. तो पटकन उठला, त्यांची पिशवी वर ठेवली आणि उरलेला प्रवास उभ्याने केला. आणि बाबा, मला तुम्ही आठवलात.

तुम्ही हे एकदाच सांगितलं होतं, मी दहावीत असताना, गॅलरीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतात. साप्ताहिकात कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य साहेबांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, त्या तुम्ही चाळीत मोठ्याने वाचून दाखवायचात. मग एका संध्याकाळी ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ करत दादरच्या एका उडप्याच्या हॉटेलसमोर उभे राहिलात. ‘दगड मी मारला नाही,’ म्हणालात, ‘पण काच फुटली तेव्हा ओरडलो मात्र सगळ्यांत मोठ्याने.’ त्याच हॉटेलात तुमची उधारी होती. दुसऱ्या दिवशी अण्णांनी चहा दिला आणि काही बोलले नाहीत. तुम्हीही नाही.

हे उगाळायचं म्हणून लिहीत नाही. तराजू सारखे नाहीत हेही कळतं मला. गिरणगावातल्या बेकार पोराची चीड आणि संसदेच्या पायऱ्यांवर उभं राहून भाषण ठोकणारा हिटलरभक्त यांत फरक आहे. काळे कपडे घातलेली ही टोळी स्वतःला उघडपणे ‘नॅशनल सोशलिस्ट’ म्हणवते. पण मोर्च्यात चालणारे सगळे काही तसले नव्हते. घराचं भाडं परवडत नाही म्हणून कावलेलेही होते. यादी मात्र सगळ्यांच्या हाती तीच. चीड खरी असते, तिच्या हातात कोणीतरी नावं आणून देतो.

ग्रुपवर आपल्या हुशार मंडळींनी लगेच आकड्याला आकडा लावला. 2021 च्या जनगणनेत भारतात जन्मलेले 6 लाख 73 हजार, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. बरोबर आहे. पण असं उत्तर दिलं की आपणही त्यांच्या मोजणीला मान तुकवून बसतो. उद्या शंभरात सहा झालो तर काय, मग त्यांचं खरं? शेजारच्या ग्रीक आजींना मी पत्रक वाचून दाखवलं. कुंपणावरून लिंबं देतात त्याच. खूप हसल्या. साठच्या दशकात आल्या तेव्हा त्यांना रस्त्यात ‘वॉग’ म्हणून हिणवायचे, डब्यातल्या लसणीच्या वासावरून नाक मुरडायचे. ‘आता आम्ही चांगल्यांच्या यादीत गेलो वाटतं,’ म्हणाल्या, ‘कोणी कळवलं नाही मला.’

बाबा, तुम्हाला आवडेल असा एक किस्सा. 1901 साली इथे कायदाच केला होता. नको असलेला माणूस बंदरावर आला की त्याचं श्रुतलेखन घ्यायचं! पन्नास शब्द, कुठल्याही युरोपीय भाषेत, आणि भाषा निवडणार अधिकारी. एगोन किश नावाचा एक चेक पत्रकार 1934 मध्ये आला, त्याला ढीगभर भाषा यायच्या, म्हणून त्याची परीक्षा चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे ही परीक्षा टिकली नाही. श्रुतलेखन 1958 ला बंद झालं, गोऱ्यांसाठीच ऑस्ट्रेलिया हे धोरण मोडीत निघायला 1973 उजाडलं. तुम्ही वर्गाला श्रुतलेखन घालायचात ते निदान पोरांना पास करायला.

मोर्च्यानंतरच्या बुधवारी, विसर्जनाच्या आधी, मंडळाची सभा झाली. नेहमीचंच. एक गट ‘आपण बरं, आपलं काम बरं’वाला. दुसऱ्या गटाने निवेदनाचा मसुदाच आणला होता. आम्ही शिकलेले, आम्ही टॅक्स भरतो, आम्ही डॉक्टर-इंजिनिअर. मी उठून विचारलं, मग जो टॅक्सी चालवतो, जो निर्वासित म्हणून आला, त्याला हाणलेलं चालेल का? शांतता पसरली. मग एक काका म्हणाले, ‘तू फार पुढचं बोलतेस.’ निवेदन काही निघालं नाही. विसर्जन मात्र रद्द केलं नाही, ढोलही वाजले, आणि रात्री एकटं परतणाऱ्यांना गाडीपर्यंत सोडायला पोरांनी आपणहून पाळ्या लावल्या. कोणाला काही झालं तर पोलिसांत तक्रार लिहायला दोघं सोबत जाणार, हेही ठरलं. एवढंच झालं. मला वाटलं होतं त्याहून कमी, पण रागावून घरी बसण्यापेक्षा बरंच.

मोर्च्यानंतर त्या काळ्या कपड्यांच्या टोळीने किंग्ज डोमेन बागेतल्या आदिवासींच्या तळावर हल्ला केला, हे तुमच्यापर्यंत पोचलं की नाही माहीत नाही. त्या जागी, संग्रहालयातून परत मिळालेल्या 38 आदिवासी पूर्वजांच्या अस्थी 1985 मध्ये पुरल्या आहेत. ‘आमची भूमी’ म्हणत निघालेले जाऊन पडले ते इथल्या मूळ माणसांवर. गेल्या रविवारी आम्ही तिथे गेलो. ग्रुपवर दोनशे चौदा जण, आलो अकरा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मसालेभात नेला. तिथे शेकोटी सतत तेवत ठेवतात. एका बाईंनी आम्हाला ओली पानं दिली, ती निखाऱ्यांवर टाकायची आणि धूर अंगावर घ्यायचा. आलेल्याचं स्वागत असं करतात. मला घरातली ती रांगोळीची पावलं आठवली. त्यांना ते सांगायला गेले, पण इंग्रजीत धड जमेना. त्या म्हणाल्या, तुझ्या भाषेत म्हण की. मग म्हटलं, कोण आली, गौरी आली. सगळे ऐकत होते.

सगळंच काही इतकं सरळ नाही. त्याच आठवड्यात एका सेनेटर बाईंनी टीव्हीवर सांगितलं की सरकार मतांसाठी भारतीयांना आणतंय, आणि त्या स्वतः आदिवासी. माफी मागितली नाही, परवा विरोधी पक्षातलं त्यांचं पद गेलं.

‘परत या’ असं बाबांनी दोनदा पाठवलंय. आत्ता तरी नाही. त्यापेक्षा एक काम करा. त्या संध्याकाळी दादरला तुम्हाला कोणी अडवू शकलं असतं का? कोणी, आणि काय बोलून? अण्णा काही बोलले असते तर फरक पडला असता का? मला तो मुरमांचा मुलगा पुन्हा भेटेल. त्याच्याशी काय बोलावं हे मंडळात कोणाला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. सावकाश लिहा, अक्षर लागलं नाही तरी चालेल, आईकडून लिहवून घेऊ नका.

आई, येत्या रविवारीही माझी दुपारची ड्यूटी आहे. तीच गाडी, म्हणजे तुझे सकाळचे सात. फोन कर. बाबांनाही जवळ बसव. त्यांना ऐकू जायचं तर मला गाडीत मोठ्यानेच बोलावं लागेल.

कळावे,
तुमची,
मनू