चुकीच्या सूचनेमुळे राऊटर कोरा झाल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड सेवा विभाग

विषय : मदत कक्षाच्या सांगण्यावरून केलेले रीसेट, त्यानंतर आकारलेले भेट शुल्क आणि राऊटरच्या लॅन पोर्टवर (संगणकाची वायर लावायच्या खाचेवर) मिळणारा कमी वेग

महोदय,

साताऱ्यात आमच्या घरी तुमचे २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. मागच्या आठवड्यात पावसात नेट गेले. वडिलांनी मदत कक्षाला फोन केला आणि राऊटरवरचा 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकतोय, असे स्पष्ट सांगितले. तो दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही. बिघाड लाइनमध्ये किंवा जोडणीत असतो, राऊटरचे बटण दाबून तो जात नाही. तरीही तुमच्या प्रतिनिधीने सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरायला लावले.

त्या बटणाने राऊटर नुसता बंद होऊन चालू होत नाही, कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या नेटवर लॉगिन करायचे युजरनेम आणि पासवर्ड, कंपनीच्या जाळ्यात नेटची वाहतूक वेगळी ठेवणारा व्हीलॅन क्रमांक, वायफायचे नाव, सगळे पुसले जाते. राऊटर बंद-चालू करायला पॉवरचे बटण आहे, त्याने यातले काहीच जात नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांनी खांबावर तुटलेली फायबर जोडली, लाल दिवा गेला, फायबर कंपनीशी जोडली गेल्याचे दाखवणारा 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर झाला. नेट मात्र आले नाही, कारण लॉगिनची माहितीच राऊटरमध्ये उरली नव्हती. ती आम्हाला कधी दिली नव्हती. मागितली तेव्हा "ती कंपनीकडेच असते" असे उत्तर मिळाले. मग तंत्रज्ञ आला, पाच मिनिटांत ती भरून गेला, आणि बिलात भेट शुल्काचे जीएसटीसह ३५४ रुपये लागले. तुमच्याच सूचनेने झालेले नुकसान भरून काढायचे पैसे आम्ही का द्यायचे?

मदत कक्षाने त्याच फोनवर राऊटरला लावलेली हिरव्या टोकाची फायबरची वायर काढून परत लावायलाही सांगितले होते. चालू लाइनमधला लेझर डोळ्यांना दिसत नाही. टोकात डोकावू नका, टोकाला बोट लावू नका, एवढे तरी आधी सांगायला हवे होते. याबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे.

तंत्रज्ञ जाताना बहिणीच्या संगणकाची वायर दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावून गेला. वेग ९४ च्या वर जाईना. तीच वायर पहिल्या पोर्टमध्ये लावल्यावर १९० च्या पुढे गेला. या मॉडेलमध्ये फक्त पहिला पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा आहे, बाकीचे तीन १०० एमबीपीएसचे. चारही पिवळे, चारही सारखे, आणि डब्यावर किंवा पत्रकात याचा उल्लेख नाही. २०० चे पैसे भरणाऱ्या किती घरांत वायर चुकीच्या पोर्टमध्ये असेल!

भेट शुल्क परत करावे. आमच्या कनेक्शनचे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लेखी द्यावेत. कोणत्या पोर्टमध्ये काय लावायचे, कोणता दिवा काय सांगतो आणि रीसेटने काय पुसले जाते, याचे मराठी पत्रक प्रत्येक राऊटरसोबत द्यावे. एलओएस लाल असताना ग्राहकाला रीसेट करायला सांगू नये, अशी सूचना मदत कक्षाला द्यावी.

तक्रार क्रमांकासह लेखी उत्तर अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही पोर्टवरील वेगचाचणीची छायाचित्रे