कांद्याचा भाव छापता, जुन्या घराचा का नाही?

माननीय संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या घरविषयक पुरवणीत नव्या प्रकल्पांचे प्रति चौरस फूट दर आणि कोणत्या उपनगरात किती सदनिका विक्रीविना पडून आहेत याची चर्चा नियमाने वाचायला मिळते. बांधकाम व्यावसायिकाच्या न विकलेल्या घरांची जितकी काळजी वाहिली जाते, तितकी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, बिनलिफ्टची, मोझॅक फरशीची सदनिका विकायला काढून वर्ष वर्ष गिऱ्हाईकाची वाट पाहणाऱ्यांची वाहिली जात नाही. मी त्या वाट पाहणाऱ्यांपैकी एक होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई-वडिलांनी १९८६ साली कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर ६८० चौरस फूट बांधीव क्षेत्राची सदनिका घेतली होती. आईच्या निधनानंतर आम्ही तिघा भावंडांनी ती डिसेंबर २०२३ मध्ये विकायला काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदीखत झाले. म्हणजे चौदा महिने गेले, आणि त्यातले पहिले नऊ केवळ आमच्या चुकीच्या अपेक्षेपायी वाया गेले. अपेक्षा होती ८५ लाखांची. ती आली कुठून, हे सांगितले पाहिजे, कारण आमच्यासारख्या बहुतेक विक्रेत्यांची ती तिथूनच येते. शेजारच्या गल्लीत नव्या इमारतीचा फलक लागला होता आणि त्यावरच्या दराला आम्ही आमच्या ६८० फुटांनी गुणले. नव्या इमारतीचा दर चटई क्षेत्राचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेचा असतो आणि आमच्या करारातले क्षेत्र बांधीव, म्हणजे भिंतींसकटचे होते, ज्याचे चटई क्षेत्र जेमतेम ५६० भरते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. त्यात पुनर्विकासाची आशा मिसळली. ‘आज ना उद्या बिल्डर येणारच, तेव्हा मोठे घर मिळणार’ हे वाक्य आमच्या जिन्यात गेली दहा वर्षे फिरते आहे.

त्या आशेबद्दल थोडे सविस्तर लिहिते. आमची इमारत सहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर आहे, आणि राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत जादा चटई निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) व टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले असल्याने नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतीत बिल्डरला फारसा रस उरत नाही. शिवाय जमीन अजूनही मूळ मालकाच्या नावावर आहे. सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या मोफा कायद्याखालील नियमांप्रमाणे गृहनिर्माण संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करणे, व्हायला हवे होते. ते झाले नाही, आणि मालकाच्या सहीविना सरकारी आदेशाने ते करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची सोय उपलब्ध झाल्यावरही आमच्या संस्थेने अर्ज केला नाही. म्हणजे ज्या पुनर्विकासाच्या भरवशावर आम्ही भाव सांगत होतो, त्याची पहिली पायरीही चढलेली नव्हती. घर बघायला येणाऱ्या तरुण जोडप्यांना हे आमच्याहून चांगले ठाऊक असे. ती नम्रपणे चहा घेत आणि परत फोन करत नसत. एजंट मात्र दर वेळी सांगायचा, “मॅडम, वास्तू चांगली आहे, फक्त काळ वाईट आहे.”

काळ वाईट होता, हे खरेच. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्यावर गृहकर्जाचे व्याज ठरते) फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला आणि पुढची दोन वर्षे तिथेच राहिला, त्यामुळे आम्ही घर बाजारात आणले तेव्हा गिऱ्हाइकाचा हप्ता आधीच फुगलेला होता. पण याच काळात आमच्याच परिसरात तशाच जुन्या सदनिका विकल्या जात होत्या, आणि हे आम्हाला नवव्या महिन्यात कळले.

कळले ते असे. माझ्या एका भाच्याने नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरची दस्त शोधण्याची विनाशुल्क सोय दाखवली. वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक दिला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा दिसतो, आणि त्यात मोबदला व सरकारी बाजारमूल्य (मुद्रांक शुल्कासाठी शासन धरते ते) दोन्ही छापलेले असतात. मागचे-पुढचे सर्व्हे नंबर घालून, वारंवार अडकणाऱ्या त्या संकेतस्थळाशी दोन संध्याकाळी झटापट केल्यावर आमच्या दोन गल्ल्यांतले वर्षभरातले तीन व्यवहार सापडले. मोबदला होता ६६ लाख, साडेएकोणसत्तर लाख आणि ७० लाख. त्या कागदापुढे ८५ चा आकडा टिकणार नव्हता. ‘नोंदलेली रक्कम वेगळी आणि रोखीची वेगळी’ असे यावर लगेच कोणीतरी म्हणतो. पण जो माणूस वीस वर्षांचे कर्ज काढून जुने घर घेतो, त्याच्याजवळ टेबलाखालून द्यायला रोकड असते कुठे? आम्ही किंमत ७० लाखांवर आणली आणि फोन पुन्हा वाजू लागला.

किंमत कमी केल्याने व्यवहार होतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. खरी अडचण कर्जाबाहेर गिऱ्हाइकाला स्वतःजवळून भरावी लागणाऱ्या रकमेची असते, आणि ती आमच्याच कागदांवर अवलंबून होती. ६८ लाखांना सौदा ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, मुद्रांक शुल्क त्या मूल्यात धरता येत नाही, आणि बँक मूल्य धरते ते करारातील किंमत व तिच्या मूल्यांकनकर्त्याने काढलेली किंमत यांपैकी कमी असेल ते. इमारत राहण्यास योग्य असल्याचे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आमच्याजवळ नव्हते आणि इमारतीची संरचनात्मक तपासणी कधी झालेलीच नव्हती, म्हणून पहिल्या मूल्यांकनकर्त्याने ६१ लाख लावले. कर्ज झाले ४८ लाख ८० हजार. उरलेले १९ लाख २० हजार, सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ७६ हजार आणि नोंदणी फीचे ३० हजार मिळून त्या जोडप्याला स्वतःजवळचे सव्वाचोवीस लाख उभे करायचे होते, आणि हे घराची दुरुस्ती सोडून! व्यवहार मोडायच्या बेतात आला.

मग आम्ही जे पहिल्याच महिन्यात करायला हवे होते ते केले. महापालिकेत अर्ज करून भोगवटा प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मिळवली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. ती आमच्या संस्थेने निम्म्या खर्चाचा वाटा आम्ही उचलल्यावर करून घेतली. अहवालात गच्चीची गळती आणि दोन खांबांची किरकोळ दुरुस्ती एवढेच निघाले. दुसऱ्या बँकेच्या मूल्यांकनात ६६ लाख आले, कर्ज चार लाखांनी वाढून ५२ लाख ८० हजार झाले, आणि तेवढ्यावर व्यवहार वाचला. किंमत आणखी चार लाखांनी उतरवून गिऱ्हाइकाला स्वतःजवळून भरायची रक्कम जेवढी कमी झाली असती, जवळजवळ तेवढीच ती किंमत न उतरवता झाली, हे गणित मला कोणा एजंटाने सांगितले नाही.

घरावर आम्ही एक लाख दहा हजार रुपये खर्च केले. गळती थांबवणे, वायरिंग बदलणे, रंग आणि दोन तुटक्या तावदानांची काच, एवढेच. मॉड्युलर किचन आणि नव्या फरशीसकट सात लाखांचे नूतनीकरण सुचवण्यात आले होते, ते आम्ही नाकारले. नवा मालक ते तोडून स्वतःच्या पसंतीने करणारच असतो. कडप्प्याचा ओटा आणि मोरी तशीच ठेवली. फडताळातली आईची भांडी, जुन्या ट्रंका आणि तीस वर्षांचे अंक मात्र काढून टाकले, आणि घर एक खोली वाढल्यासारखे मोठे दिसू लागले. हे काम भावंडांना सर्वांत जड गेले.

वारसांच्या सह्यांचा भाग तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. विक्रेत्यांत एक अनिवासी आहे असे कळताच दोन गिऱ्हाइके परत गेली, कारण मग एक टक्क्याची साधी करकपात पुरत नव्हती. खरेदीदाराने करकपातीसाठीचा टॅन क्रमांक काढून अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर बराच जास्त कर कापायचा, असा तेव्हाचा नियम होता. “आई-बाबांचे तुम्ही दोघांनी केलेत, मला काही नको,” असे त्याचे पहिल्यापासूनचे म्हणणे होतेच. डिसेंबरात तो आला तेव्हा त्याने आम्हा दोघांच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवले आणि ती गाठ सुटली. परदेशात भावंड असलेली मराठी घरे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांनी जाहिरात देण्याआधी हा विषय आपसात मिटवून घ्यावा, कारण गिऱ्हाईक समोर बसलेले असताना तो मिटत नाही.

शासनाच्या बाजूनेही एक त्रास आहे. सरकारी मूल्य विक्रीच्या मोबदल्याच्या ११० टक्क्यांहून अधिक निघाले, तर आयकरासाठी तेच मूल्य विक्रेत्याला मिळाले असे धरतात आणि फरकावर खरेदीदारालाही कर लागू शकतो. आमच्या पहिल्या सरकारी मूल्यांकनात ७७ लाखांचा आकडा आला आणि सगळेच हादरले. नीट पाहता इमारतीचे वय भरलेले नव्हते आणि उद्वाहन (लिफ्ट) सुविधा ‘आहे’ अशी नोंद पडली होती. वयाचा घसारा आणि बिनलिफ्टचा तिसरा मजला धरल्यावर मूल्य ६८ लाखांच्या आत आले. मंदीत विकत्या भावाचे आणि सरकारी दराचे अंतर आधीच कमी असते. आमचा व्यवहार झाल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून हे दर पुन्हा वाढले आहेत, म्हणून जुनी सदनिका विकणाऱ्याने मूल्यांकनाचा तो कागद स्वतः वाचावा.

भांडवली नफ्यावरील कराबद्दल मात्र २०२४ च्या जुलैमध्ये, अर्थसंकल्पाने महागाई निर्देशांकाची सवलत काढल्यावर, झालेला गदारोळ आमच्या बाबतीत फुकट ठरला. खरेदी जुनी असल्याने तिच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे मूल्य सहा लाख धरून महागाई निर्देशांकाने वाढवले तर पावणेबावीस लाख होते आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी सव्वानऊ लाखांच्या आसपास कर येतो. निर्देशांकाविना साडेबारा टक्क्यांनी तो पावणेआठ लाख येतो. उपकर यात धरलेला नाही. निवासी व्यक्तीला जुन्या मिळकतीसाठी दोन्हींपैकी कमी कर निवडता येतो, त्यामुळे प्रत्येकाने आपले गणित करून पाहावे.

संस्थेविषयी फार लिहीत नाही. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २००१ च्या शासकीय परिपत्रकाने २५ हजार रुपये ठरवलेली असताना ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून त्याच्या तिप्पट रक्कम सुचवली गेली. उपविधींप्रमाणे हस्तांतरणासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नसले तरी बँक ते मागतेच, आणि हे समितीला पक्के ठाऊक असते. परिपत्रकाची प्रत अर्जाला जोडल्यावर तीन आठवड्यांत प्रमाणपत्र मिळाले. त्याहून मनाला लागला तो दोन शेजाऱ्यांचा राग. ६८ लाखांना विकून आम्ही सगळ्या इमारतीचा भाव पाडला, असे त्यांचे म्हणणे. ९० लाख सांगत एका शेजाऱ्यांची सदनिका दोन वर्षे कुलूपबंद आहे. तिचे देखभाल शुल्क आणि मिळकतकर ते बिनबोभाट भरतात, पण तो पैसा भावातून वजा करत नाहीत.

महोदय, मार्केट यार्डातील कांद्या-बटाट्याचा भाव आपण रोज छापता, आणि त्यामुळे शेतकऱ्याला व गृहिणीला निदान आजचा आकडा कळतो. जुन्या घराचा नोंदलेला भाव शासनाकडे आहे, तो गुप्तही नाही, पण सामान्य माणसाला सर्व्हे नंबर शोधून एकेक दस्त उघडत बसावे लागते. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, औंध अशा भागांतील नोंदलेल्या पुनर्विक्रीचे आकडे द्यावेत, ही विनंती आहे. नावे नकोत. इमारतीचे वय, मजला, लिफ्ट आहे की नाही, चटई क्षेत्र आणि मोबदला, एवढे पाच रकाने पुरतील. सुरुवातीला हवा असेल तर आमच्या व्यवहाराचा तपशील मी पाठवते: ३८ वर्षे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५६० चौरस फूट, ६८ लाख.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे