शनिवारी मी त्या साखळीच्या डोंगरावर जातेय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "पार्कात फिरायला जाणार आहोत" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. ते चुकलंच माझं. मग आदूने तुम्हाला मोबाईलवर एंजल्स लँडिंगचा, म्हणजे इथे अमेरिकेतल्या झायन पार्कातल्या त्या साखळी धरून चढायच्या कड्याचा, व्हिडिओ लावून दाखवला आणि आई, तुझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे वहिनीकडून कळलं. नानांचं झालं तेव्हापासून आपल्या घरात डोंगराचं नाव कुणी काढत नाही. मलाही काढवेना, म्हणून लपवलं. फोनवर तुझा आवाज कापरा झाला की माझं बोलणं तिथेच अडतं, म्हणून लिहितेय.

जायचं ठरलंय. येत्या शनिवारी. ऐन वेळी उठलेलं खूळ नाही हे. 2022 च्या एप्रिलपासून त्या साखळीच्या भागात परवान्याशिवाय कुणाला जाता येत नाही. पूर्वी तिथे फार दाटी व्हायची, आता लॉटरीत नाव निघालं तरच. अर्जाचे सहा डॉलर, नाव निघालं की माणशी तीन. उन्हाळ्यातच अर्ज केला होता, सकाळी नऊच्या आधीची वेळ मिळाली. ऑक्टोबर मुद्दाम निवडला. जुलै-ऑगस्टात झायनमध्ये पारा अडतीसच्या वर जातो आणि दुपारी एकाएकी ढग भरून येऊन विजा कडाडतात. आता हवा कोरडी आणि गार आहे. आम्ही तिघी आहोत, त्यातली एक दोनदा जाऊन आलेली.

वाट जाऊन-येऊन पावणेनऊ किलोमीटर. पार्कातली बस पायथ्याशी सोडते, नदीवरचा पूल ओलांडायचा आणि चढायचं. बरीचशी वाट चांगली रुंद, बांधीव आहे. मध्ये एका घळीत ऊन पोचत नाही, तिथे भर दुपारीही गारवा असतो. मग दगड रचून केलेली एकवीस वळणं, 1926 सालची. ती संपली की सपाट जागा, तिथे शौचालयसुद्धा आहे (आई, तुझा पहिला प्रश्न हाच असणार). साखळी सुरू होते ती त्याच्याही पुढे, शेवटच्या अर्ध्या मैलाला. आदूने तुम्हाला नेमका तेवढाच तुकडा दाखवला.

तो तुकडा अवघड आहे. अरुंद धार, दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि धरायला खडकात ठोकलेली साखळी. तिथे माणसं पडून दगावली आहेत, हेही आता लपवत नाही. खडक वाळूचा आहे, त्याचा बारीक चुरा बुटाखाली आला की पाय सरकतो आणि ओला असला तर जास्तच. म्हणून पावसाचा एक थेंब जरी पडला तरी आम्ही साखळीला हात लावणार नाही. जाणारे-येणारे एकाच साखळीवर असतात, तेव्हा रुंद जागा बघून थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, साखळी सोडून बाजूने जायचं नाही. हातात काठी नको, मोबाईल तर नकोच, दोन्ही हात मोकळे. नवे बूट महिनाभर घालून पाय सरावलेत. वर पाणी नाही, म्हणून प्रत्येकीकडे तीन लिटर.

बाबा, कळसूबाई आठवते? मी पाचवीत होते. शेवटच्या शिडीशी पोचलो आणि धुकं दाटलं, लांब कुठेतरी गडगडलं. वर देवळातली घंटा ऐकू येत होती, इतके जवळ होतो आपण. मी शिडीच्या गार लोखंडाला घट्ट धरून उभी. तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत आणि "चल, खाली" एवढंच म्हणालात. घोटीपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही श्रीखंडाची गोळी दिलीत, तिचा कागद ओला होऊन चिकटला होता, तो नखाने सोलत मी खिडकीबाहेर बघत बसले. परवा उंची बघितली. कळसूबाई 5,400 फूट, हा कडा 5,790. तेव्हा तुम्ही रागावून काही बोलला नाहीत, समजावतही बसला नाहीत, नुसते वळलात. शनिवारी ढग आले, वारा सुटला, तिघींपैकी एकीचेही पाय लटपटले, तर मीही तशीच वळेन. त्या सपाट जागेवरून दरी छान दिसते म्हणतात, तिथूनही परत येईन. हा शब्द आहे माझा.

आई, मुक्काम पार्कच्या दाराशीच आहे. खोलीत गरम पाणी, जाड पांघरुणं, सगळं आहे. शुक्रवारी रात्री खिचडी करून नेणार. डोंगरावर गूळ-तुपाची पोळी गुंडाळून नेतेय, सहामाहीच्या पेपरांना तू द्यायचीस तशीच. देव पाण्यात ठेवू नकोस गं. दिवा लाव आणि झोप.

आणि आता ऐका. दरीत मोबाईलला रेंज नसते. आम्ही चढायला लागू तेव्हा तुमची संध्याकाळ असेल, खाली येईपर्यंत रात्रीचे साडेअकरा. जागत बसायचं नाही. खोलीवर पोचले की मेसेज टाकते, तो सकाळी उठल्यावर दिसेल. बाबा, अँजिओप्लास्टीला अजून वर्षही झालेलं नाही. रात्रीची गोळी जेवणानंतर लगेच, नंतर घेतो म्हणायचं नाही. पहाटे अंधारात फिरायला निघू नका, रस्ता खणून ठेवलाय म्हणे. आई, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढू नकोस, दिवाळीचं सामान वहिनी काढेल. गुडघ्याचा पट्टा लाव.

आदूला रागावू नका, बिचाऱ्याने कौतुकानेच दाखवलं. रविवारी तुमच्या सकाळी आठला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा त्यालाही बसवा.

तुमची,
मनू