यंत्राच्या आधी भूलतज्ज्ञ द्या
सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. अपेंडिक्सची, म्हणजे आंत्रपुच्छाची, उजव्या कुशीत तिरका छेद घेऊन केलेली आणि तीन छिद्रांतून दुर्बिणीने केलेली, अशी दोन्ही प्रकारची ऑपरेशने मी टेबलाशेजारी उभी राहून पाहिली आहेत. हल्ली पेशंटला दाखल करतानाच नातेवाईक विचारतात, ‘दुर्बिणीनंच करताय न्हवं?’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र यंत्रखरेदी एवढेच त्याचे उत्तर ठरू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दुर्बिणीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. तिरक्या छेदाची पद्धत अमेरिकी सर्जन मॅकबर्नी यांनी १८९४ मध्ये मांडली, तर १९८० मध्ये जर्मनीतील कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढून दाखवले. जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ८५ चाचण्यांतील जवळपास १०,००० रुग्णांची तुलना झाली. त्यानुसार प्रौढांमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर जखम पिकण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी राहते, दुखणे कमी असते, घरी साधारण एक दिवस आधी जाता येते आणि नेहमीच्या व्यवहाराला माणूस सुमारे पाच दिवस लवकर लागतो. पाच दिवस ही बाब मुंबईतल्या फायलीत किरकोळ दिसत असेल. ऊसतोडीच्या हंगामात मात्र पाच दिवसांची मजुरी म्हणजे घरचा बाजार असतो. भुदरगडकडची एक बाई ड्रेसिंग करून घेताना मला म्हणाली होती, ‘सिस्टर, टाक्याचं सोसतंय, पर वैरणीचा भारा कोण आणणार?’ तिची जखम पिकली होती आणि रोज पट्टी बदलण्यासाठी तिला एसटीने यावे लागत होते.

त्याच आढाव्यातील दुसरी बाजूही आपल्यासमोर असावी. प्रौढांमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या आत पू साठण्याचा धोका काहीसा जास्त आढळला. शिवाय आतडी चिकटलेली असली किंवा नीट दिसेना, तर दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरे करावे लागते. तो शहाणपणाचा निर्णय असतो, पण उघड्या शस्त्रक्रियेवर हात बसलेला सर्जनच तो वेळेवर घेऊ शकतो.

आता खरी अडचण सांगते. उघडी शस्त्रक्रिया पुष्कळदा पाठीत इंजेक्शन देऊन करता येते. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावे लागते, त्यामुळे सहसा श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल द्यावी लागते आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत भूलतज्ज्ञ हजर लागतो. मी ज्या एका रुग्णालयात होते, तेथे दुर्बिणीचा संच आला, नारळ फुटला, फोटो निघाले आणि पुढे कित्येक महिने मॉनिटरवर हिरवे कापड पांघरलेलेच राहिले. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस बाहेरून येत. अपेंडिक्स काही वार बघून दुखत नाही. गॅसचा सिलिंडर संपला की मागणीपत्र वरच्या कार्यालयात फिरत राही आणि प्रकाशाच्या केबलमधले तंतू तुटून पडद्यावर अंधार येऊ लागला, तेव्हा ती दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात सापडला नाही.

मग चिठ्ठी मिळते ती ‘कोल्हापूरला न्या’ अशी. चंदगडकडच्या माणसाला सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गाठायला अडीच-तीन तास मोडतात. बरेच जण त्यापेक्षा बेळगावच बरे म्हणतात. बेंबीजवळ दुखू लागल्यावर घरी ओवा-मीठ देण्यात आधीच एक दिवस गेलेला असतो. सगळेच आंत्रपुच्छ काही तासांत फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोट लाकडासारखे घट्ट झालेला मुलगा जवळच्या टेबलावर तिरक्या छेदाने मोकळा होऊ शकत असताना, केवळ दुर्बीण नाही म्हणून त्याला रुग्णवाहिकेत घालणे मला पटत नाही.

म्हणून विनंती अशी की, उपजिल्हा रुग्णालयाला दुर्बिणीचा संच मंजूर करताना चोवीस तास उपलब्ध असणारा भूलतज्ज्ञ, गॅसचा नियमित पुरवठा आणि वार्षिक देखभालीचा करार त्याच आदेशात मंजूर व्हावा. जेथे हे जमत नाही, तेथे उघडी शस्त्रक्रिया कमीपणाची न मानता तिची सोय आणि सराव टिकवावा. आणि कोणत्याही रुग्णाला पुढे पाठवताना दाखल झाल्याची वेळ, निघाल्याची वेळ व पाठवण्याचे कारण चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक करावे. या चिठ्ठ्या वर्षभर साठवून पाहिल्या, तर कोणत्या तालुक्याला यंत्र हवे आहे आणि कोणत्या तालुक्याला माणूस, हे आपल्या कार्यालयाला कोणा सल्लागाराविनाही कळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर