लायसन्सवरची मर्यादा काढण्याविषयी

चि. अश्विनी हीस अनेक आशीर्वाद.

विमान देखभाल इंजिनिअरच्या तुझ्या जुन्या लायसन्सचे सीएआर-६६ या डीजीसीएच्या लायसन्स-नियमांप्रमाणे रूपांतर होऊन तुला बी-१.१ (टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा वर्ग) मिळाले, पण त्यावर इलेक्ट्रिकल यंत्रणेची मर्यादा नोंदवून आली. इतकी वर्षे देखभालीनंतर सही करून विमाने रिलीज करणाऱ्या इंजिनिअरला पुन्हा परीक्षेला बसवणे हा अपमान आहे, असे तू परवा म्हणालीस. मला ते पटले नाही, आणि असे बोलणे फोनवर नीट होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९३७च्या विमान नियमांखालील आपली जुनी पद्धत कामाच्या शाखांप्रमाणे विभागलेली होती. एअरफ्रेमचा माणूस वेगळा, इंजिनाचा वेगळा, आणि इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ यांचेही वेगवेगळे. मी एअरफ्रेम आणि इंजिन केले, तूही तेच केलेस. सीएआर-६६ हे युरोपच्या पार्ट-६६ या लायसन्स-नियमांवर बेतलेले आहे, आणि त्यात बी-१ वाल्याकडे विमानाचा सांगाडा, इंजिन व यांत्रिक यंत्रणा यांच्या जोडीला संपूर्ण विद्युत यंत्रणाही येते. शिवाय एव्हिऑनिक्सची, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची, ज्या कामांत दोष शोधत बसावे लागत नाही आणि साध्या चाचणीने खात्री होते, तीही त्याच्या सहीवर होतात. रूपांतर करताना जो अधिकार तुझ्याकडे आधीपासून होता तो विनापरीक्षा कायम ठेवला गेला आणि जो कधीच नव्हता तो राखून ठेवला गेला. यात तुझे काहीही काढून घेतलेले नाही. उलट, ज्या यंत्रणेची परीक्षा कोणी घेतलीच नाही तिच्यावर सही करण्याचा अधिकार केवळ ज्येष्ठतेपोटी मिळाला असता, तर त्या नियमावर माझा विश्वास राहिला नसता.

ए-३२०च्या लँडिंग गिअरचेच घे. गिअर वर-खाली करणारे जॅक आणि हायड्रॉलिक लाइन्स आपल्या हातच्या. पण गिअर लॉक झाला हे कळवणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर (भाग जवळ आला की कळवणारे) आणि त्यांचे संकेत वाचणारे दोन एलजीसीआययू, म्हणजे गिअरचे नियंत्रण करणारे संगणक, ही सगळी विजेची बाजू. बिघाड सेन्सरमध्ये आहे, तारा जोडणाऱ्या कॅनन प्लगच्या वाकलेल्या पिनेत आहे, की लॉकच्या झिजलेल्या भागात, हे शोधल्याशिवाय समजत नाही. आज तुला त्या शोधात अर्ध्यावर थांबून दुसऱ्या सहीची वाट पाहावी लागते, आणि विमान रॅम्पवर उभे असताना ते थांबणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. तुझी खरी तक्रार या थांबण्याविषयी असावी, असे मला वाटते.

अभ्यासाची सुरुवात परीक्षेच्या मॉड्यूल ३ पासून, म्हणजे विजेच्या मूलतत्त्वांपासून कर. जनरेटर, ट्रान्सफॉर्मर आणि थ्री-फेजची गणिते तुला जड जाणार नाहीत. मॉड्यूल ५ला मात्र जास्त वेळ दे, कारण डिजिटल तंत्र आपल्या जुन्या एअरफ्रेम-इंजिनच्या तयारीत फारसे नव्हतेच. ॲरिंक ४२९ची (विमानातल्या उपकरणांमध्ये माहिती पाठवण्याच्या मानकाची) ३२ बिटांची वर्ड कागदावर स्वतः मांडून पाहा: पहिले आठ बिट लेबलचे, म्हणजे माहिती कशाची ते सांगणारे, ते ऑक्टलमध्ये (आठच्या पायाच्या अंकांत) वाचायचे, शेवटचा बिट पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखण्याचा. दाब-उंचीचे लेबल २०३ असते, तेवढे एक उदाहरण बायनरीत उतरवून बघितलेस की पुढचे सोपे होते. ही माहिती पिळलेल्या, शील्ड केलेल्या तारांच्या जोडीतून एकाच दिशेने जाते, म्हणून उत्तर यायचे असेल तर दुसरी जोडी लागते. हे मनात पक्के असले की वायरिंग डायग्रॅम वाचताना गोंधळ होत नाही. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात, तेव्हा अंदाजपंचे उत्तरांवर भिस्त ठेवू नकोस.

तुझ्या मर्यादेसाठी नेमकी कोणती मॉड्यूल्स किंवा त्यांचे कोणते भाग लागतील, हे सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कार्यालयात लेखी विचारून उत्तर फाइलला लाव. मर्यादा निघेपर्यंत लॉगबुकही चोख ठेव, कारण सही करण्याचा अधिकार चालू राहण्यासाठी मागील २ वर्षांत ६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि वर्षाअखेरीस आठवून भरलेल्या नोंदींवर कोणीही चांगला क्वालिटी मॅनेजर सही करत नाही.

मर्यादेच्या पानाची आणि लॉगबुकातील इलेक्ट्रिकल कामांच्या नोंदींची झेरॉक्स मला कुरिअरने पाठव. दिवाळीत तू येशील तेव्हा मॉड्यूल ३चे जुने प्रश्न आपण दोघे मिळून सोडवू.

तुझे,
बाबा