बेर शेवाहून पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे इस्राएलात मजेत आहे. टीव्हीवरच्या बातम्या बघून जागत बसू नका. भोंगा वाजलाच, तर घरातच पक्क्या भिंतींची खोली आहे; मी सांभाळते त्या आजींना घेऊन तिथे बसते. जेवणही वेळेवर होतं, आई. फोटोत गाल बसलेले दिसले ते उजेडामुळे.

परवा आजींच्या पणतूचं ब्रित झालं, म्हणजे सुंता. आपलं बारसं बाराव्या दिवशी, या ज्यू लोकांचं हे आठव्या. नावही तेव्हाच ठेवतात. बाळ ठणठणीत असेल तर शनिवार आला तरी पुढे ढकलत नाहीत. एरवी शनिवार म्हणजे यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, हे लोक काडीसुद्धा ओढत नाहीत! एक खुर्ची एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी रिकामी ठेवली होती. हो, अलिबागच्या इस्राएल आळीतले ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात तोच. बाळ उशीवर, उशी आजोबांच्या मांडीवर. बाळ रडलं तशी ओठांना वाईनचं बोट लावलं. बापाने प्रार्थना म्हटली, त्यात ‘आपला पिता अब्राहम याचा करार’ असे शब्द होते.

तो करार देवाशी झालेला. आजींनी सगळं सांगितलं. पंचाहत्तराव्या वर्षी अब्राहमला देव म्हणाला, देश सोड, गणगोत सोड, बापाचं घर सोड. तो हारानहून कनानात, म्हणजे इकडच्या देशात आला. इथे बेर शेवात त्याने विहीर खणली, आणि ती आपलीच याची साक्ष म्हणून राजाला सात मेंढ्या दिल्या. बाबा, तुम्हाला आवडेल असं सांगते. सारा वारली तेव्हा हेब्रोनला मालक गुहा फुकट देत होता, पण याने साक्षीदारांसमोर ४०० शेकेल चांदी तोलून दिली. देवाने सगळा देश कबूल केलेला, आणि हाती पहिली जमीन आली ती बायकोच्या दफनाची. आजींचा नातू म्हणतो, अब्राहमचं नाव त्या काळच्या कुठल्याच लेखात सापडलेलं नाही, ही गोष्ट ज्यात आहे तो ग्रंथ फार नंतर लिहिला गेला. आजी त्याच्याशी वाद घालत नाहीत.

आणि बाबा, मी धर्मबिर्म बदलत नाहीये. देव्हाऱ्यातला गणपती उशाशीच आहे.

पैसे सोमवारी पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. गणपतीत रजा मिळाली नाही, आई, मी खरंच मागितली होती. पेणच्या स्थळाला अजून होकार कळवू नका. अब्राहमच्या मुलासाठी, इसहाकासाठी, रिबकेला मागणी आली तेव्हा तिच्या घरच्यांनी तिलाच विचारलं होतं, जातेस का म्हणून. रविवारी फोन करते, तेव्हा बोलू.

तुमची,
बेबी