चुणचुणीत असताना स्मार्ट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांच्या फोटोवर आपण ‘इंदूरची स्मार्ट मुले’ असा मथळा दिला आहे. त्याच पानावर स्मार्ट मीटरची बातमी, आणि खाली वधू पाहिजेमध्ये ‘स्मार्ट, निर्व्यसनी’ मुलगा. मुले हुशार, मीटर स्वयंचलित आणि मुलगा बहुधा दिसायला बरा. एका विशेषणाने किती राबायचे?

खुद्द इंग्रजीतही गोंधळ आहेच. ब्रिटनमध्ये स्मार्ट म्हटले की आधी टापटीप कपडे डोळ्यांपुढे येतात, अमेरिकेत बुद्धी. मूळ मात्र दुखण्यात आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद वेदना होण्याचे होते. जर्मन माणूस वेदनेला आजही ‘श्मेर्त्स’ म्हणतो, तो शब्द याच कुळातला. स्मार्ट फटका म्हणजे झोंबणारा फटका. झोंबणारा तो जोरकस, मग चपळ, आणि सतराव्या शतकात चलाख. टापटिपीचा अर्थ अठराव्या शतकातला. यंत्रांना हे विशेषण १९७० च्या दशकात चिकटले, आणि पहिल्या मानकऱ्यांत बॉम्ब होता! डोळ्यांत साबण गेला तर इंग्रज अजूनही हेच जुने क्रियापद वापरतो.

गंमत अशी की मराठीही याच वाटेने गेली. जखम चुरचुरते, आणि लेखही चुरचुरीत असतो. अंग चुणचुणते, आणि पोर चुणचुणीत निघते. झोंबण्यातूनच तरतरी आली, दोन्हीकडे. असे शब्द घरात असताना त्या मुलांना स्मार्ट म्हणायची काय गरज होती? फोन आणि मीटर खुशाल स्मार्ट राहू देत. त्यांना चुणचुणीत म्हटले तर लोक हसतील.

शहराचे काय, ते मला ठरवता येत नाही. केंद्राने २०१५ मध्ये १०० शहरांसाठी स्मार्ट सिटी योजना आणली आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांत इंदूर होते. पुढे राजवाड्याच्या आसपास रस्ते रुंद झाले. त्यात ज्यांच्या घरांचे दर्शनी भाग गेले, त्यांना या शब्दाचा जुना अर्थ कोशात शोधावा लागला नसेल.

आम्हा इंदूरकरांची मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. ‘ज्यादा स्मार्ट बनू नको’ असे आमच्या घरात सर्रास ऐकू येते आणि पुण्याचे पाहुणे त्यावर नाक मुरडतात. स्वतः मात्र ते ‘ओव्हरस्मार्ट’ म्हणतात, जणू त्याने मराठी शुद्ध राहते! दीडशहाणा हा नेमका शब्द दोघांनीही अडगळीत टाकला आहे.

पुढच्या निकालांच्या वेळी मथळ्यात ‘चुणचुणीत’ छापून पाहावे, ही विनंती. तीन अक्षरे जास्त लागतील, पण मथळ्याला जागा होती. मी अंक पुन्हा काढून पाहिला.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर